झोपेसाठी जटामांसी आणि तगर: कुणी वापरली आहे का?

उतरंड

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारतेय. वय ७१. रक्तदाबाची एक गोळी सकाळी चालू आहे, बाकी साखर, थायरॉइड काही नाही. गेले काही महिने तिचं एकच पालुपद आहे, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही गं." डॉक्टरांनी झोपेची हलकी गोळी लिहून देऊ का विचारलं, तर ती तिथल्या तिथे नाही म्हणाली. सवय लागेल अशी धास्ती.

मग शेजारच्या काकूंनी जटामांसीचं नाव काढलं. आता घरात दोन वस्तू येऊन पडल्यात. एक, काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली जटामांसीच्या चूर्णाची पुडी. दुसरी, काकूंनीच दिलेली 'झोपेच्या आयुर्वेदिक गोळ्यां'ची डबी. पुडी अजून फोडलेली नाही. डबीतल्या गोळ्या मात्र आईने मला न सांगता सुरूसुद्धा केल्या.

कुणी जटामांसी किंवा तगर वापरली आहे का? खरंच गुण येतो? दोन्हींत बरी कुठली, आणि दुधातून द्यावी की पाण्यातून?

पाटावरवंटा

मी जटामांसी घेतली आहे, वैद्यांनी दिली होती म्हणून. कडवट-तुरट असते, वास उग्र, पण मला आवडायचा. झोप लवकर लागायची हे खरं. मात्र त्याच सुमारास ऑफिसातली एक मोठी कटकटही मिटली, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाला द्यायचं ते सांगता येणार नाही.

सासूबाईंचा उपाय वेगळा. सहाणेवर जायफळाचे दोन वेढे, ते कोमट दुधात. दोनाचे चार करायचे नाहीत, असा दम असायचा.

पानसुपारी

बिनधास्त द्या. वनस्पतीच आहे, गुण नाही आला तरी अपाय तर होणार नाही ना? ॲलोपथीच्या गोळ्यांपेक्षा केव्हाही बरं.

रेणू

@पानसुपारी, कण्हेर, धोतरा, बचनाग, गुंज या सगळ्या वनस्पतीच आहेत हो. :)

@पाटावरवंटा, सासूबाईंचा दम अगदी योग्य. जायफळात मिरिस्टिसिन असतं. वेढ्याने घेतलं तर काही बिघडत नाही, पण चमच्याने पूड खाल्ली की धडधड, उलट्या, भ्रम असं सगळं होतं, आणि ते उतरायला दिवस-दीड दिवस जातो.

@उतरंड, औषधशास्त्र शिकवण्याचं काम करते, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

झोपेसाठीच्या मुळांमध्ये सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो युरोपातल्या तगरीचा, म्हणजे व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिस. तिच्यातलं व्हॅलेरेनिक आम्ल मेंदूतल्या गाबा-ए ग्राहकांवर काम करतं. गाबा हा मेंदूतला मुख्य शांतवणारा संदेशवाहक. झोपेच्या नेहमीच्या गोळ्याही याच ग्राहकांवर, पण दुसऱ्या जागी बसतात. इथपर्यंत प्रयोगशाळेत सगळं नीट जुळतं. माणसांवर आलं की गाडी अडते. २००६ मध्ये १६ चाचण्या आणि १,०९३ रुग्ण एकत्र धरून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. "झोप सुधारली का?" या प्रश्नाला तगर घेणाऱ्यांकडून 'हो' जास्त आलं. पण चाचण्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळणाऱ्या नव्हत्या, आणि ज्यांत गुण दिसला नाही असे अभ्यास छापूनच आले नसावेत अशी शंका आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवली.

गंमत पुढे आहे. युरोपीय औषध संस्था तगरीच्या अल्कोहोलमधल्या सुक्या अर्काला सौम्य मानसिक ताण आणि झोपेच्या तक्रारींसाठी मान्यता देते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट निद्रानाशासाठी तगर वापरू नये असं सुचवलं. पुरावा साधारण तोच, निष्कर्ष उलटे. माझा कल अमेरिकेच्या बाजूने आहे, पण ज्याला अधूनमधून झोप लागत नाही अशा धडधाकट माणसाने तगर घेऊन पाहिली तर मी भांडायला जाणार नाही. फक्त पहिल्याच रात्री गाढ झोपेची अपेक्षा नको. दोन ते चार आठवडे रोज घेतल्यावर काय तो फरक पडतो, असं युरोपातल्या सूचनाच सांगतात.

जटामांसीवर याहून कितीतरी कमी काम झालंय. १९९४ मध्ये प्लँटा मेडिका या नियतकालिकात उंदरांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात अर्क काही दिवस दिल्यावर मेंदूतलं गाबा आणि सेरोटोनिन वाढलेलं दिसलं. माणसांवरच्या निद्रानाशाच्या चाचण्या आहेत त्या मोजक्या आणि लहान.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा. त्या गोळ्यांच्या डबीवर घटक छापलेले असतील. ते जसेच्या तसे इथे उतरवा.

भरड_चूर्ण

रेणूताईंशी शेवटच्या ओळीवर शंभर टक्के सहमत. मी वैद्य आहे, सराव करतो.

जटामांसीबद्दल शास्त्रात काय आहे ते थोडक्यात. चरकसंहितेत संज्ञास्थापन म्हणून दहा औषधांचा गण आहे, म्हणजे हरपलेलं भान ताळ्यावर आणणारी द्रव्यं. त्यात 'जटिला' या नावाने ती येते. भावप्रकाश या दुसऱ्या जुन्या ग्रंथात कर्पूरादि, म्हणजे कापूर वगैरे सुगंधी द्रव्यांच्या वर्गात. मेध्य (बुद्धीला हितकर) आणि थंड, म्हणून पित्त चढलेलं, अंगाची आग, डोकं तापलेलं, चिडचिड आणि त्यामुळे झोप नाही, अशा माणसाला ती लागू पडते. तगर उष्ण आहे. चरकात ती शीतप्रशमन गणात, म्हणजे थंडी घालवणाऱ्या द्रव्यांत आहे. तेव्हा "दोन्हींत बरी कुठली" याचं उत्तर माणूस पाहिल्याशिवाय मी देत नाही. मात्राही इथे लिहिणार नाही, राग मानू नका. लोक धागा वाचून स्वतःच सुरू करतात.

कृतीबद्दल मात्र सांगतो, कारण तिथे हमखास घोळ होतो. जटामांसीचा काढा रटारटा उकळू नये. तिचं काम बरंचसं उडनशील तेलावर आहे, आणि ते वाफेबरोबर निघून जातं. घरभर वास सुटतो, लोकांना वाटतं औषध झकास झालं. गुण गेला स्वयंपाकघराच्या खिडकीतून. फांट करावा: भरड चूर्णावर उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं, कोमट झालं की कुस्करून गाळायचं. किंवा हिम, म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून. पण हिम संध्याकाळच्या मात्रेला हवा असेल तर सकाळीच भिजत घालावा लागतो, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

सदाफुली२

आमच्या अंगणात तगर आहे! पांढरी फुलं रोज देवाला जातात. तिचंच मूळ खणून वाळवलं तर चालेल का? फुकटात काम होईल.

भरड_चूर्ण

नाही. अजिबात नाही. खणू नका, उगाळू नका, कुणाला देऊ नका.

बुग्याळ

@सदाफुली२, वैद्यबुवा इतके का दचकले ते मी सांगतो. (वनस्पतीशास्त्र शिकलोय, आणि हिमालयात वर्षाकाठी एखादी तरी चक्कर होते.)

आपण जिला तगर म्हणतो ते पांढऱ्या फुलांचं, चकचकीत पानांचं झुडूप म्हणजे टॅबर्निमाँटाना डिव्हॅरिकाटा. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो पाहिलाच असेल. हे कण्हेरीच्या कुळातलं झाड, आणि मुळाच्या सालीत जोरकस अल्कलॉइडं आहेत. औषधातली तगर म्हणजे व्हॅलेरियाना जटामांसी, रेणूताईंनी सांगितलेल्या युरोपीय तगरीची बहीण. ती हिमालयात साधारण १,००० ते ३,००० मीटरवर, ओलसर सावलीत वाढते. गुडघ्याएवढीही नाही, पानं बदामाच्या आकाराची, फुलं बारीक पांढरट-गुलाबी झुपक्यात. आपल्याकडे अंगणात ती नसतेच. नाव एक असल्यामुळे दरवेळी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच.

आणि हो, औषधी तगरीच्या शास्त्रीय नावातही 'जटामांसी' आहे. खरी जटामांसी वेगळी: नार्डोस्टाकिस जटामांसी. त्यामुळे नुसतं इंग्रजी लेबल वाचून घेणाऱ्याचा गोंधळ व्हायचाच.

उतरंड

बापरे, आमच्याही गॅलरीत तीच पांढरी तगर आहे. मग माझ्या पुडीत नक्की काय आहे हे कसं ओळखू?

बुग्याळ

चूर्णात ओळखणं जवळपास अशक्य. म्हणून मी अख्खं मूळ घ्या म्हणतो.

अख्खी जटामांसी हातात घेतली की चूक होत नाही. करंगळीएवढा कंद, आणि त्यावर तांबूस-तपकिरी तंतूंचं दाट आवरण, थेट खारीच्या शेपटीसारखं. हे तंतू म्हणजे जुन्या पानांच्या देठांचे उरलेले सांगाडे. दरवर्षी पानं मरतात, त्यांच्या शिरा कंदाला तशाच चिकटून राहतात. तंतू बाजूला सारून कंद मोडला की आत लालसर दिसतं. वास जड, मातीचा आणि किंचित गोड.

तगरीच्या गाठीवर असे केस नसतात. ती गाठाळ, मळकट तपकिरी, आडव्या कंगोऱ्यांची, खालून बारीक मुळ्या फुटलेली. वास नाकाला झोंबतो, वाळल्यावर जास्तच. त्याचं कारण आयसोव्हॅलेरिक आम्ल, जे पायांच्या घामातही असतं. मांजर असेल घरात तर पुडी कपाटात ठेवा, नाहीतर सकाळी चिंध्या मिळतील. मांजरं या वासाला वेडी होतात.

जटामांसीत भेसळ बहुतेक वेळा भूतकेशीच्या (सेलिनम) मुळांची होते. तिलाही वरून केस असतात, म्हणून लांबून फसायला होतं.

खडूस_आजोबा

धागा माहितीपूर्ण आहे, पण मूळ मुद्द्यावर कुणीच येत नाही म्हणून लिहितो. उतरंडताई, आई झोपायला किती वाजता जातात? उठतात किती वाजता? दुपारी आडव्या होतात का?

उतरंड

@खडूस_आजोबा, मालिका संपली की साडेआठला अंथरुणात. लगेच झोप लागते. तीन-सव्वातीनला जाग येते, मग नुसती कूस बदलत राहते. दुपारी जेवणानंतर दीड-दोन तास झोपते.

@रेणू, डबीवरचं बारीक अक्षर मोबाईलने मोठं करून वाचलं. घटक असे: सर्पगंधा, खुरासानी ओवा, जटामांसी, भांग, पिंपळमूळ. खाली हिंदी आणि इंग्रजीत 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना.

रेणू

गोळ्या आज रात्री देऊ नका. उद्या त्यांच्या डॉक्टरांना डबी नेऊन दाखवा. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

आणि हे सांगा: त्यांना उठल्यावर गरगरतं का? तोंडाला कोरड? नाक चोंदलेलं?

उतरंड

ताई, तुम्ही घाबरवताय. पण हो. सकाळी पलंगावरून उठताना भिंत धरते. परवा म्हणाली, सर्दी नाही तरी नाक गच्च आहे. मी वाफ दिली. तोंडाला कोरड पडते म्हणून उशाशी तांब्या ठेवायला लागलीय.

भरड_चूर्ण

हा घटकांचा संच पाहताच ओळखला. सर्पगंधा घन वटी. शास्त्रोक्त योग आहे, वैद्य वापरतात, मीही वापरतो. पण कुणाला? ज्याचा रक्तदाब मी स्वतः मोजलाय, ज्याच्या इतर औषधांची यादी माझ्यासमोर आहे, त्याला. शेजारणीने शेजारणीला द्यायची ही गोष्टच नव्हे. खुरासानी ओवा आणि भांग ही दोन्ही द्रव्यं औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. ती सूचना डबीवर शोभेला छापलेली नाही, कायद्याने छापावीच लागते.

मांस्यादि क्वाथ नावाने मिळणाऱ्या काढ्याचंही तेच. नाव मांसीचं, पण जटामांसी आणि अश्वगंधेबरोबर त्यात खुरासानी ओवा असतो.

रेणू

इथून निदान करणार नाही, ते समोर बसून डॉक्टर करतील. पण ही लक्षणं मी का विचारली ते सांगते.

सर्पगंधेची कहाणी आपल्या देशाची आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं छापलं. बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' म्हणायचे. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अभ्यास मांडला आणि जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं, आणि काही वर्षं ते रक्तदाबावरचं आणि मनोविकारांवरचं महत्त्वाचं औषध होतं. मागे का पडलं? कारण ते मज्जापेशींमधला सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन यांचा साठाच रिकामा करतं. त्यातून रक्तदाब उतरतो, सुस्ती येते, झोपही येते. पण नाक चोंदतं, उभं राहिलं की गरगरतं, काहींना खिन्नता येते, हातपाय जड-कंपित होतात. सकाळी रक्तदाबाची गोळी आणि रात्री सर्पगंधा, म्हणजे एकाच कामाला दोन औषधं लावल्यासारखं झालं.

खुरासानी ओव्यात हायोसायमिन आणि स्कोपोलामिन असतं, म्हणून तोंडाला कोरड. वयस्कर माणसांत यानेच लघवी अडकते, बद्धकोष्ठ होतो, रात्री बरळणंही होतं. काचबिंदू असेल तर डोळ्यावर दाब.

आणि गोळ्या थांबवल्या की दुसऱ्या दिवशी सगळं ठीक, असं होणार नाही. रिकामा झालेला साठा भरायला दिवस लागतात. तोवर त्यांनी पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून बसावं, मग उभं राहावं. रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा. ७१ व्या वर्षी खुब्याचं हाड मोडणं परवडत नाही.

पानसुपारी

हे माहीत नव्हतं. माझ्या मामांकडे अशीच डबी आहे, आज फोन करतो.

अर्धीमुर्धी

थोडं अवांतर. मी स्वतः बरीच वर्षं अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी) घेतोय. ती एकदम बंद करून तगरीवर गेलो तर? आणि व्हॅलियम तगरीपासूनच बनवतात ना? मग तर हे एकाच घरचं झालं.

रेणू

एकदम बंद करू नका. अल्प्राझोलाम अचानक सोडली तर झटके येऊ शकतात, आणि तगर ते थांबवू शकत नाही. मात्रा थोडी थोडी, आठवड्यांच्या हिशेबाने उतरवतात, आणि ज्यांनी गोळी लिहिली त्यांच्या देखरेखीखाली. दोन्ही एकत्र घेऊ नका, दारूबरोबर तर नाहीच.

व्हॅलियम म्हणजे डायझेपाम. ते प्रयोगशाळेत बनलेलं, १९६३ पासून बाजारात असलेलं रसायन. तगरीशी त्याचं नातं नाही.

गोधडी

माझ्याकडे अश्वगंधा चालते रोज झोपताना. तिच्याबद्दल कुणी बोलतच नाहीये.

रेणू

अश्वगंधेवर माणसांतल्या चाचण्या तुलनेने बऱ्या आहेत. २०१९ मध्ये निद्रानाशाच्या ६० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, १० आठवडे दिल्यावर झोप लागायला लागणारा वेळ कमी झाला. पण थायरॉइड वाढलेला असेल किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारून घ्या, कारण ती थायरॉइडची पातळी वर नेऊ शकते. गरोदरपणी नको. यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. मला ती बंदी जरा जास्तच वाटते, पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर त्या दिवशीच थांबवायची एवढं लक्षात ठेवा.

खडूस_आजोबा

आता माझा मुद्दा. साडेआठ ते तीन म्हणजे साडेसहा तास. दुपारचे दीड-दोन मिळवा. झाले आठ-साडेआठ. या वयात एवढी झोप मिळते त्या बाईला निद्रानाश म्हणायचं कसं? तीनला जाग येते कारण झोप पूर्ण झालेली असते. माझं स्वतःचं वय ७६, सांगायचा अधिकार आहे.

रेणू

आजोबांनी नेमकं बोट ठेवलंय. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळी नव्हे, तर वर्तनोपचार सांगितला. त्याचा कणा हाच आहे: अंथरुणातला वेळ कमी करा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, तीही तीनच्या आत. रात्री दहा-साडेदहाच्या आधी पाठ टेकू नका. जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठून बसा, पेंग आली की परत या. उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. पहिले काही दिवस त्या कुरकुर करतील, दिवसा पेंगतील. पेंगूद्यात. फक्त हे आत्ता लगेच नको, आधी ते गरगरणं थांबू दे.

पाटावरवंटा

साडेआठला मालिका संपली की करायचं काय त्यांनी दहापर्यंत? सांगणं सोपं आहे. आमच्याकडे सासूबाईंना हाच प्रश्न होता, घरात सगळे आपापल्या मोबाईलमध्ये. झोप आलेली नसायची, कंटाळा आलेला असायचा.

खडूस_आजोबा

+१. हे मात्र खरं बोललात.

बुग्याळ

आता माझंही एक तुणतुणं ऐकून घ्या, कारण धागा वाचून दहा जण जटामांसी आणायला निघतील.

ही वनस्पती ३,००० ते ५,००० मीटरवर, खडकांच्या सांदीत, शेवाळलेल्या उतारांवर वाढते. फार सावकाश. औषध म्हणजे कंद, आणि कंद काढला म्हणजे झाड संपलं, पान तोडल्यासारखं ते परत फुटत नाही. मी जिथे पाहिली तिथे एका खडकाखाली वीतभर उंचीची चार-पाच रोपं होती, जांभळट गुलाबी फुलांची, आणि शेजारीच उकरलेल्या मातीचे खड्डे, ताजे. बी धरायच्या आधीच खणून नेलं होतं. शरद ऋतू उलटेपर्यंत थांबले असते तर निदान बी तरी पडलं असतं. पण थांबणाऱ्याच्या आधी दुसरा कुणी येतो, त्यामुळे कुणीच थांबत नाही. खणणाऱ्या गावकऱ्याला मी दोष देणार नाही, त्याच्या वाट्याला शेवटच्या किमतीतलं फारसं काही येत नाही.

१९९७ पासून ती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त'. हा व्यापार आजचा नाही. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात मरिया येशूच्या पायांना जे सुगंधी तेल लावते ते 'नार्ड' म्हणजे हीच, आणि ते ३०० दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही, असा प्रश्न यहूदा विचारतो. हिमालयातून तिथपर्यंत माल जात होता! आज सगळ्यात जास्त माल नेपाळमधून येतो.

तगरीचं तसं नाही. ती कमी उंचीवर लागवडीखाली येते, हिमाचलातल्या पालमपूरच्या आयएचबीटी या सरकारी संशोधन संस्थेने त्यावर बरंच काम केलंय. वैद्यांना चालणार असेल तिथे मी तरी लागवडीची तगर म्हणेन.

भरड_चूर्ण

चालतं, पण नेहमी नाही, वर उष्ण-शीताचं लिहिलं आहे. मात्र एक मान्य करतो. ज्याला अर्धा तास गप्पा मारून आणि तळपायाला तेल चोळून झोप लागेल, त्यालाही आम्ही कधीकधी मांसी लिहून मोकळे होतो. तेवढी नक्कीच वाचवता येईल.

उतरंड

अपडेट. काल डॉक्टरांकडे गेलो. झोपवून रक्तदाब वरचा १३२, उभं केल्यावर १०६. डबी पाहून त्यांनी सर्पगंधेवर पेनाने गोल केला आणि म्हणाले, हे कुणी दिलं? आई माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे. गोळ्या बंद. रक्तदाबाचं औषध तेच ठेवलंय, पण रोज सकाळी मोजून वहीत लिहायचं, आठवड्याने परत दाखवायचं. जटामांसीची पुडी तूर्त नको म्हणाले, आधी हे सगळं शरीरातून निघू दे.

काकूंनाही सांगितलं. त्यांच्या घरी त्या स्वतःही तीच गोळी घेतात, रक्तदाबाच्या गोळीबरोबर. त्यांनाही उद्या घेऊन जातेय.

दुपारची झोप कमी करायला आई तयार नाही. "मग दुपारी करू काय?" म्हणते. @पाटावरवंटा, तुमचं म्हणणं पटलं. रात्री जेवण झाल्यावर पत्ते काढलेत. ती लबाडी करते.

सदाफुली२

एक शेवटचं विचारते. केसांच्या तेलात जटामांसी घालतात ती चालेल ना? की तिथेही रक्तदाब?

भरड_चूर्ण

तेलाला हरकत नाही, डोक्याला लावायचं आहे, प्यायचं नाही. आधी कोपराच्या आत थोडं लावून बघा, खाज आली तर सोडून द्या. आणि घरी करणार असाल तर मंद आचेवर. अंगणातली तगर त्यातही घालू नका.